सासरे दुसऱ्या गटात

विस्मरणाच्या संशोधनात आजाऱ्यांशी तुलना करायला सुनेला ठणठणीत म्हातारी माणसं हवी होती. सासरे म्हणाले, "माझ्याइतका ठणठणीत तुला कुठे मिळणार?" आणि इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेत हजर झाले.

घरच्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही असा नियम होता, म्हणून चाचणी सहकाऱ्याने घेतली आणि ती काचेपलीकडे बसली. सहकाऱ्याने पाच शब्द सांगितले, जरा इकडचं तिकडचं विचारलं आणि मग तेच शब्द परत विचारले.

"कुठले शब्द?" सासरे म्हणाले.

कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर त्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने कोंबले. अशी घड्याळं तिने ढिगाने पाहिली होती, पण ती परक्यांची.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "नापास झालो ना गं?"

"नापास नाही, बाबा. तुम्हाला दुसऱ्या गटात घ्यावं लागेल."

"तिथेही चहा देतात?"

"देतात."

"मग काही हरकत नाही."

तिने डॉक्टरांची त्याच दुपारची वेळ घेतली, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून सासऱ्यांशेजारी बसून राहिली.