गीताबाईंच्या मळ्यातल्या अकरा खेपा

मित्रांनो, मी एक जुना टिपर आहे. माझ्याजवळ उभे राहिलात तर तुम्ही नाकाला रुमाल लावाल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. सवय झाली आहे. पण माझ्या हौद्याला येणारा हा वास माझा नाही, तुमच्याच घरांमधून आलेला आहे.

तरुणपणी मी मुरूम वाहायचो. वेरूळकडच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा दिवसाला आठ-आठ खेपा मारल्या. एका वर्षी मला धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हौद्यात मूर्ती बसवून क्रांती चौकातून मिरवणुकीत नेलं होतं. लोक माझ्यापुढे नाचत होते. ते माझ्यासाठी नाचत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

मग रंग उडाला आणि माझी रवानगी शहराच्या सांडपाणी केंद्रात झाली. तुम्ही मोरीत, संडासात पाणी ओतता आणि विसरता. ते सगळं इथं येतं. पाणी शुद्ध होऊन पुढे जातं आणि मागे उरतो काळा गाळ. तो वाळूच्या वाफ्यांत पसरून वाळवायचा आणि वाळला की मागेल त्या शेतकऱ्याच्या रानात नेऊन टाकायचा. तो नेण्याचा ठेका दिला जातो. त्या ठेक्यात मी आणि माझे ड्रायव्हर सांडूभाऊ होतो.

तेव्हा केंद्रात रत्नमाला मॅडम केमिस्ट होत्या. गाळाला भेगा पडल्याशिवाय आणि तपासणीचा कागद आल्याशिवाय त्या मला वाफ्याजवळ फिरकू देत नसत. शेतकऱ्याला बजावत, "पातळ पसरा. विहिरीपासून शंभर पावलं लांब." वाफ्यांत टोमॅटोची रोपं आपोआप उगवायची, कारण तुम्ही खाल्लेल्या टोमॅटोचं बी एवढा प्रवास करूनही मरत नाही. एकदा सांडूभाऊंचा हात लालभडक फळाकडे गेला, तशा मॅडम ओरडल्या, "बी जगलं, तर रोगाचे जंतू जगणार नाहीत का?" सांडूभाऊंनी गुपचूप हात मागे घेतला.

पुढे ठेका बदलला आणि मॅडमची बदली झाली. नव्या ठेकेदाराला वाफे लवकर रिकामे करून हवे होते. त्याचा मुकादम इंद्रजीत ओलाच गाळ भरायला लावू लागला.

"लई वल्ला हाय, साहेब. मागच्या फाळक्यातनं गळतंय," सांडूभाऊ म्हणाले.

"रानात वाळंल की! तिथं काय ऊन पडत नाय?"

गंगापूर रस्त्याला गीताबाईंचा मोसंबीचा मळा आहे. मुलगा शहरात नोकरीला, रान त्या एकट्या बघतात. तीन वर्षांपूर्वी पाझर तलाव आटला तेव्हा त्यातला गाळ आणून त्यांनी रानात गुडघाभर भरला होता. त्या साली कपाशी डोक्याला लागली. आपल्याकडे काळ्या मातीवर कोणाचा जीव नसतो? गीताबाईंना हाही गाळ तसाच वाटला. विहिरीकडची झाडं पिवळी पडली होती, म्हणून त्यांनी अकरा खेपा तिथंच मागितल्या.

"सांडूभाऊ, तळ्यातल्यावाणीच हाय ना हे?" त्यांनी विचारलं.

सांडूभाऊंनी माझ्या फाळक्याकडे पाहिलं. खाली काळं पाणी ठिबकत होतं. मुकादम बाजूलाच मोटारसायकलवर बसला होता.

"व्हय मावशी," सांडूभाऊ म्हणाले. "त्याच्यापेक्षा बी भारी."

मित्रांनो, मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. हॉर्न होता, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. पहिल्याच खेपेला हौदा उचलणारा माझा जॅक अडकला. गंजामुळे अडकला की माझ्या इच्छेमुळे, ते मला सांगता येणार नाही. सांडूभाऊंनी हातोड्याचे दोन घाव घातले आणि हौदा वर गेला. अशा अकराही खेपा पडल्या, अगदी विहिरीच्या काठाला.

गीताबाई मोसंबीला पाणी देत गेल्या, तसं ते सगळं जमिनीत मुरत गेलं. दोन महिन्यांत विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. वस्तीवरची पाच घरं त्याच पाण्यावर होती. दिवाळीच्या सुट्टीत आलेली नात सायली ते पाणी पिऊन आजारी पडली, नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण गीताबाईंनी त्या नऊ दिवसांत अन्नाला हात लावला नाही.

चौकशी झाली. सांडूभाऊंना विचारलं, तर त्यांनी मुकादमाचं नाव घेतलं नाही. अहवालात लिहिलं, "जुन्या टिपरचा फाळका गळका असल्याने सदर प्रकार घडला." सगळे सुटले, मी अडकलो. मला केंद्राच्या फाटकाजवळ उभं करून ठेवलं. सांडूभाऊंना नवी गाडी मिळाली. माझ्या शेजारून जाताना ते दुसरीकडे बघतात.

एक दिवस गीताबाई फाटकाशेजारच्या कार्यालयात आल्या. "मला भरपाई नको. आणलं तसं उचलून न्या," त्या म्हणाल्या.

नवे अधिकारी अभयसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी ठेक्याचा कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. "मावशी, यात इथून नेण्याचं लिहिलंय. तिकडून परत आणण्याचं कुठंच नाही. सांगू तरी कोणाला?"

"आन् हिरीपासून लांब टाकायचं, ते नव्हतं का लिव्हलं?"

"ते लिहिलंय," साहेब हळू आवाजात म्हणाले.

गीताबाई बाहेर येऊन माझ्या चाकाशी बसल्या. मग माझ्या टायरवर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "तू तरी चल रे बाबा." मी हललो नाही. मला हलता येत नाही, मित्रांनो.

मला नवा रंग नको, झेंडूच्या माळाही नकोत. मोरीतून वाहून गेलं म्हणजे संपलं, असं समजू नका. ते कोणाच्या तरी दाराशी जाऊन पडतं. तुमच्यातलं कोणी मोठं होऊन असे ठेके लिहायला बसेल, तेव्हा त्या दारातल्या माणसाला आधी विचारा. गीताबाई आज दोन कोसांवरून पाणी आणतात. माझ्या टाकीत अजून थोडं डिझेल आहे, आणि मळ्याचा रस्ता मला पाठ आहे. कोणीतरी फक्त किल्ली लावा.