बिघाड माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर माझा मुक्काम असतो. माझ्या रंगाला पोपडे आले आहेत आणि मागचा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. हे सगळे मी मान्य करते. पण त्या सोमवारी माझ्यावर जो आळ आला, तो मी आजही मान्य करत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिली बारा वर्षे तासगावच्या एका व्यापाऱ्याकडे बेदाण्याच्या पेट्या वाहिल्या. त्याच्या दारात नवी गाडी आली, त्या दिवसापासून मला कोणी फडकेही मारले नाही. मग लालासाहेबांनी मला विकत घेतले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण मला चालवते ती त्यांची बायको, अंजना.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या धोंडुबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी सांगलीला न्यायचे काम अंजनाने अंगावर घेतले. अंजनाने घेतले म्हणजे मीही घेतलेच. तेव्हापासून एकही फेरी मी चुकवली नाही.

त्या रविवारी लालासाहेबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि माझे प्लग व त्यांच्या वायरी स्वतःच बदलायला घेतल्या. माणूस मनापासून राबला, मी नाही म्हणत नाही. पण जुन्या चारही वायरी त्यांनी एकदमच उपटल्या आणि नव्या अंदाजाने बसवल्या. तेवढ्यात पाहुणे आले. मला चालू करून बघायचे राहूनच गेले.

सोमवारी सकाळी अंजनाने किल्ली फिरवली आणि मी हीव भरल्यासारखी थरथरू लागले. आवाज फुटका, मधूनच सायलेन्सरमधून फट्ट! गिअर टाकला की बंद पडायची.

"संपली ही. इंजिन बसलं," लालासाहेब म्हणाले. "आता भंगारातच घालायची."

"आवं, परवा तर चांगली चालत हुती," अंजना म्हणाली. "काल तुमी हात लावलासा..."

"माझ्या हाताला नाव ठिवू नगंस! फौजेत ट्रक चालवलाय म्या."

मला असा संताप आला! तीन वर्षे घाट, खड्डे, ऊन काही न बघता धावले, आणि एका सकाळीत मी भंगार?

धोंडुबाई पायरीवर बसल्या होत्या. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. "दहाचा नंबर हाय गं माजा," एवढेच त्या म्हणाल्या. एसटी निघून गेली होती. लालासाहेबांनी दोन ठिकाणी फोन लावले. एकही गाडी मोकळी नव्हती.

अंजनाने बॉनेट उघडले. "इंजिनाचं मागनं बघू. काल जे बदललं, ते आदी बघायचं."

मला चालूच ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने तिने पहिल्या प्लगची वायर काढली. माझी थरथर वाढली. तिने ती परत लावली. चौथीलाही तसेच झाले. दुसरी काढली, तर माझ्या आवाजात काडीचाही फरक नाही. तिसरीचेही तेच.

"हे दोन सिलिंडर कामच करत न्हाईत," ती म्हणाली. "आवं, काढायच्या आदी कुठली वायर कुठं हुती, त्याचा फोटू घेतला हुता का?"

लालासाहेबांनीच पुढे होऊन इंजिन बंद केले आणि दुसऱ्या-तिसऱ्या वायरींची अदलाबदल केली.

अंजनाने किल्ली फिरवली. मित्रांनो, मी अशी सुरू झाले की धोंडुबाई पायरीवरून आपल्या आपण उठल्या. लालासाहेब त्यांना धरून मागच्या सीटवर बसले. सांगलीपर्यंत मी कुठे अडखळले नाही. वीस मिनिटे उशीर झाला, पण नंबर गेला नाही.

परत आलो तेव्हा धोंडुबाईंची धाप थांबली होती. वस्तीवरचे आप्पासो वाटेतच उभे होते.

"काय रं लालासाहेब, इंजिन बसलं म्हणं?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. लालासाहेब खाली उतरले, अगदी ताठ उभे राहिले. "इंजिन न्हाई बसलं. म्या वायरी उलट्या लावल्या हुत्या. अंजनानं हुडकलं."

फौजेतली शौर्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. ही मात्र ऐकली.

मित्रांनो, माझी कीव करू नका. आम्हा यंत्रांना जरूर उघडा, शिका, चुका. पण शेवटचा हात कोणाचा लागला होता, हे विसरून आम्हाला दोष देऊ नका. आणि मला भंगार म्हणणारा कोणी अजून उरला असेल, तर त्याने खुशाल रस्त्यावर यावे. माझे चारही सिलिंडर जागे आहेत!