मानेतून छातीत

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला दशरथ ओव्हाळ यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. दाढेतला पू मानेतून उतरून छातीत, हृदयाच्या आसपास पोचला होता.

दशरथ खडकीच्या कारखान्यात फिटर. दाढ नऊ दिवसांपासून ठणकत होती. पण पौर्णिमेला संपणारा वर्षावास चालू होता, आणि विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन तेच करायचे. बावीस वर्षांत खंड नाही. दाढ काढली तर तोंड उघडणार नाही, म्हणून "पौर्णिमा होऊ दे" म्हणत त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिवसाला चार-चार घेतल्या. रविवारी जबडा बोटभरच उघडत होता. माइक ओठांना लावून त्यांनी सात पानं वाचली. सोमवारी मान कानापासून गळपट्टीपर्यंत लाल झाली. मंगळवारी पहाटे श्वास लागला.

"ताप होता?" सर्जन डॉ. पूर्वा आठल्ये यांनी विचारलं.

"एकही दिवस नाही, मॅडम," पत्नी प्रेमला म्हणाल्या.

मुलगी निकिताने गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. पाच होती.

"ताप होता. गोळ्यांनी तुम्हाला दिसू दिला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मान उघडावी लागेल, उजवीकडून छातीही. सही कोण करतंय?"

"मुलगा राकेश हैदराबादहून निघालाय. संध्याकाळी तो आला की..." प्रेमला म्हणाल्या.

"अहो, पू संध्याकाळपर्यंत थांबणार असता, तर मीही थांबले असते."

"आई, दादा येऊन सहीच करणार ना?" निकिताने पेन घेतलं.

ऑपरेशन चार तास चाललं. सडलेला भाग कापून काढला, मानेत दोन आणि छातीत तीन नळ्या घातल्या. दशरथ व्हेंटिलेटरवर गेले.

बुधवारी विहारातले जयसिंग भेटायला आले. जाताना चाचरत म्हणाले, "वहिनी, वाचनाचं... आज कोण करणार?"

"चाळीस जण समोर बसता ना? एकालाही वाचता येत नाही?" प्रेमला म्हणाल्या. जयसिंग चपला घालायला लागले. प्रेमलांनी मागून हाक मारली, "पण बंद नका पाडू."

गुरुवारी सकाळी ताप पुन्हा चढला, रक्तदाब उतरला. सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या मागे पू साठलेला दिसला. नळ्या तिथवर पोचत नव्हत्या. या वेळी प्रेमलांनी कोणाची वाट पाहिली नाही, राकेश शेजारी उभा असूनही सही स्वतः केली. दुपारी तीन चाळीसला दशरथना पुन्हा आत नेलं.

साडेपाचला नर्स बाहेर आली. तिने रक्ताच्या आणखी दोन पिशव्या मागितल्या आणि दार लावून घेतलं.