धाकटीच्या अंड्यातला बलक

थोरलीला हल्ली अन्न गोड लागत नव्हतं, आणि कारण होतं एवढंसं: धाकट्या जावेच्या कोंबड्यांच्या अंड्यातला बलक. एकाच अंगणात दोघींची दोन खुराडी. कोंबडी कशी धरायची हेसुद्धा थोरलीनंच धाकटीला शिकवलेलं. पण अंडं फोडावं तर थोरलीचा बलक आजाऱ्याच्या तोंडासारखा फिकट आणि धाकटीचा मस्त केशरी. थोरलीची भिस्त तांदळाच्या कण्या आणि पेंडीवर; धाकटी खाद्यात लसूणघास नि झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या मिसळायची. विचारलं असतं तर तिनं प्रमाणासकट सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे कमीपणा घ्यायचा, आणि तो थोरलीच्या रक्तातच नव्हता.

त्यात बेकरीवाल्यानं जाहीर केलं, "वहिनी, दोन रंगांची अंडी मिसळली की माझा केक रोज वेगळा दिसतो. पुढच्या खेपेला दोघींची फोडून बघतो. मग एकीचीच घेणार." आणि बोलताना बघत होता धाकटीच्या खुराड्याकडे! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बेकरीखेरीज तिला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं.

नेमकी तेव्हाच धाकटी माहेरी निघाली. "जाऊबाई, माझ्या पोरींना खायला घालाल ना? पाकळ्या संपल्यात, पण चालेल तसंच." खुराड्याची किल्ली हातात ठेवून ती गेलीसुद्धा. तिच्या त्या विश्वासाचाही थोरलीला रागच आला.

तिनं ओंजळभर मिरचीपूड आणून धाकटीच्या खाद्याच्या पिंपात ढवळली. तिला कोणाच्या जिवावर उठायचं नव्हतं. कोंबड्यांनी तोंड फिरवावं आणि अंडी द्यायचं थांबवावं, एवढीच माफक इच्छा. कोंबड्या मात्र खाद्यावर तुटून पडल्या. मिरची मिळमिळीत निघाली की काय, म्हणून थोरलीनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाणी प्यायली. धाकटीचा मुक्काम लांबला, तशी हिची मूठही वाढत गेली. एकीलाही साधा ठसका लागेना. मालकिणीसारख्याच निगरगट्ट मेल्या!

धाकटी परतली त्याच सकाळी बेकरीवाला आला. पांढऱ्या बशीत त्यानं दोघींचं एकेक अंडं फोडलं. धाकटीचा बलक पूर्वीपेक्षाही गडद, चक्क तांबूस होता.

"ठरलं," तो म्हणाला. "हीच अंडी."

धाकटी चक्रावली. पाकळ्यांशिवाय हा रंग आला कुठून? तिनं पिंपात हात घातला, मूठभर खाद्य नाकाशी नेलं आणि सटासट शिंकली. थोरली दोन पावलं मागे सरली. आता सगळं अंगण दणाणणार.

"मिरची!" धाकटी थोरलीकडे वळली. "जाऊबाई, पाखरांना तिखट लागत नाही आणि मिरचीनं बलक रंगतो, हे ठाऊक असून तुम्ही स्वतःच्या कोंबड्यांना नाही घातलीत? माझ्यांना घातलीत? माझं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून?"

बेकरीवाला कौतुकानं बघत राहिला. नाही म्हणावं तर सगळं बाहेर येणार. थोरलीनं मुकाट्यानं मान डोलावली. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, वर मनाच्या मोठेपणातही धाकटीनंच बाजी मारली! हेव्यानं आणि लाजेनं तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"रडताय काय, वेडाबाई," म्हणत धाकटीनं तिला जवळ घेतलं, आणि पिंपातून काढलेल्या त्याच हातानं मायेनं तिचे दोन्ही डोळे पुसले.

डोळ्यांत आगडोंब उसळला. थोरलीनं हूं की चूं केलं नाही.