दोन दिवसांची साखर

सकाळपासून दादानं सात कलमं वाया घालवली आणि खापर फोडलं माझ्या सुरीवर.

"धार आहे का हिला? हिनं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही!"

सुरी मी उजाडताच दगडावर घासून दिली होती. काप वाकडा जात होता तो दादाच्या डोळ्यांमुळे. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलेला. आसपासच्या गावांतले लोक याच्या हातचं कलम मागून नेत, आणि आता हा फांदीची साल बोटानं चाचपत होता.

वहिनी दारातून कडाडली, "सुरीला कशाला शिव्या देता? ऑपरेशन करा म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई? महिनाभर गोळ्या घेऊन रक्तातली साखर उतरवा, मग या, एवढंच तर सांगितलं होतं."

"गोळीनं अंग गळतं माझं."

"चार चमचे साखरेचा चहा ढोसताना नाही गळत!"

महिना संपत आला होता आणि गोळ्यांचं पाकीट फळीवर धूळ खात पडलं होतं. कलमांचा हंगाम सुरू झालेला, म्हणून दादानं स्वतःच डोकं चालवलं. बागेला बहार धरायचा तर आम्ही आधी पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. झाड ताळ्यावर येतं. दादा म्हणाला, "माणसाचं काय वेगळं असतं? अन्न तोडलं की साखर उतरते."

दोन दिवस त्यानं पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नाही. वहिनी ताट घेऊन यायची, रडत परत न्यायची. मला हे पटत नव्हतं; पण मोठ्या भावापुढे माझं तोंड कधी उघडलंय?

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बोटाला सुई टोचली. आकडा एकदम झकास. नर्सबाईंनी मला विचारलं, "महिनाभर गोळ्या रोज घेतल्या ना यांनी?"

दादानं बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"हो," मी म्हणालो, "न चुकता."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा दादाला पानाची शीर न् शीर दिसली. गावभर मिरवला गडी. आठवड्याभरात सुरी मागायला लागला. वहिनीनं ती लपवून ठेवली. महिना उलटला आणि एका सकाळी तो झाडापाशी नुसताच उभा राहिला.

"पानाची कड दिसते रे. मधलं काही दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बराच वेळ पाहिलं. "मोतीबिंदूचं काम चोख झालंय. पण मागचा पडदा सुजलाय. मोतीबिंदू इतका दाट होता की पडदा तेव्हा दिसलाच नाही. साखरेनं आधीच खराब झालेला असणार." मग त्यांनी रक्ताचा नवा कागद पुढे केला. "ही तपासणी गेल्या तीन महिन्यांची साखर सांगते. काका, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

दादानं कागद माझ्याकडे सरकवला. मी तो घडी करून खिशात घातला.

"डोळ्यात इंजेक्शनं देऊ. साखर आवरली तर थोडं सुधारेल. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही."

गावात येऊन दादानं सांगितलं, डॉक्टरीणबाईनं डोळा घालवला. ते ऐकून समोरच्या म्हातारीनं आपलं ऑपरेशन रद्द केलं. तिला तर साखरही नव्हती. मला फार लाज वाटली, पण मी तिला अडवलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. गोळ्या आता वहिनी समोर उभी राहून गिळायला लावते. कलमं मी बांधतो, निम्मी वाळतात. परवा ओट्यावर वहिनीनं सरळच विचारलं, "भाऊजी, दवाखान्यात गोळ्यांचं तुम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं का?"

मी सुरी दगडावर घासायला घेतली. दादानं मान वाकडी करून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुझे कान दिसतात बघ," तो म्हणाला. "केसही दिसतात. तोंड असतं तिथं नुसता धूर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगतो, त्याला माझं तोंड दिसत नाही हे मला त्या वेळी बरंच वाटलं.