बंद घराचं कलम

शुक्रवारी सकाळी आठला तुकाराम कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटवर हजर झाला, तेव्हा दीनानाथांची दाढी अर्धीच झाली होती. सुचित्राने दार उघडलं. तुकारामच्या हातात बेकरीतल्या खुबूसची, अरबी रोट्यांची पिशवी होती.

"गरम आसत, वैनीनू."

"अहो, दोन माणसांना एवढ्या?"

"मी पण खातलंय ना."

तो एका कंत्राटदाराकडे शटरिंगचा सुतार होता. अकरा वर्षं झाली होती. राहायला दोन गल्ल्या पलीकडे, सहा जणांच्या खोलीत. घर देवगडकडच्या एका गावात, समुद्राला लागून. मागच्या मे महिन्यातल्या वादळात त्या घराची अर्धी कौलं उडाली. घराला विमा होता, किनारपट्टी वादळ विमा महामंडळाचा, म्हणजे सरकारी. दावा नामंजूर झाला. पत्रात कारण एका ओळीचं होतं: घर विनावापर. एक पावसाळा ताडपत्रीखाली निघाला, तेवढ्यात देवघराची मातीची भिंत फुगली. दुसरा पाऊस ती सोसणार नव्हती, आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. आज अपील संचालक मंडळापुढे होतं. विषय क्रमांक नऊ. त्यानंतरची बैठक थेट ऑगस्टमध्ये.

मंडळाच्या सात जागांपैकी एक परदेशात राहणाऱ्या घरमालकांची. ती चार वर्षं दीनानाथांकडे होती. निवडून आले, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. रविवार ते गुरुवार पेट्रोकेमिकलचा प्लँट आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाची दोनशे पानी कार्यपत्रिका, असं चाललं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आता ती पीडीएफ आल्याची घंटी फोनवर वाजली तरी त्यांच्या मानेत कळ यायची.

सहा महिन्यांत तीस युनिटपेक्षा कमी वीज जळाली, तर घर विनावापर. हे कलम दोन वर्षांपूर्वीचं. एका मंगळवारी मंजूर झालं होतं. प्लँटमध्ये शटडाऊनची धावपळ होती, दीनानाथ गेटबाहेर गाडीत एसी लावून, फोन मांडीवर ठेवून बैठकीला बसले होते. अध्यक्षांनी विषय पुकारला, इतरांपाठोपाठ तेही "मंजूर" म्हणाले. परिशिष्ट उघडलंच नव्हतं. त्यात काय होतं ते तुकाराम नामंजुरीचं पत्र घेऊन आला तेव्हा त्यांनी वाचलं.

"भाऊनू, घर बंद खय आसा?" तुकारामने परत एकदा फोन पुढे केला. "देव आसत ना आत. शेजारची सीताबाय रोज सांजेक दिवो लायता. फोटो धाडता. ह्यो बघा."

फोटो होते. दोन वर्षांचे, जवळपास रोजचे. तेच देवघर, तेच तांब्याचं निरांजन. मध्येच एका दिवशी फोटोऐवजी निरोप: ताप आहे, उद्या येत नाही.

"तेलाच्या दिव्याचा युनिट मीटरार पडना नाय, ह्यो काय माजो गुन्हो?"

"नाही," दीनानाथ म्हणाले.

"मग तुमी काय बोलूच नुको. हात तेवढो वर करा."

दीनानाथ पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मागोमाग सुचित्रा आली.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

त्यांच्या वडिलांचं घर तुकारामच्या शेजारच्या गावात होतं. त्याचंही छप्पर त्याच वादळात गेलं होतं, आणि त्यांचा स्वतःचा दावा त्याच कलमावर अडकून पडला होता. नियम साधा होता: ज्या संचालकाचा हितसंबंध असेल, त्याने तो जाहीर करून त्या विषयापुरतं बाहेर जायचं. गणपूर्ती पाच जणांची. आज येणार होते नेमके पाच.

"आपला दावा कुणाला माहीत आहे?"

"फाइलवर आहे."

"ती फाइल तुझ्याशिवाय तिथे वाचतं कोण?"

"मी तरी कुठे वाचत होतो?"

साडेआठला लॅपटॉपवर बैठक सुरू झाली. तिकडे अकरा वाजले होते. अध्यक्ष धैर्यशीलराव निवृत्त सनदी अधिकारी, चहा पीत होते. "काय कुवेतकर, उकडतंय का?"

"नेहमीसारखंच."

पहिल्या आठ विषयांना तास गेला. तुकाराम कॅमेऱ्यात येणार नाही असा, खुर्चीच्या टोकावर बसून होता. सचिव विनिताने नववा विषय पुकारला, तशी त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"चर्चेआधी एक नोंद घ्या," दीनानाथ म्हणाले. "माझाही एक दावा याच कलमावर प्रलंबित आहे."

तुकारामने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"अरेरे," धैर्यशीलराव म्हणाले, पण चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. "मग तुम्हाला बाहेर जावं लागेल. गणपूर्ती राहत नाही. विनिता, विषय ऑगस्टला घ्या."

"थांबा. मी माझा दावा मागे घेतो. बिनशर्त. आता मेल करतो."

दोन ओळी होत्या. टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सर, मेल आला," विनिता म्हणाली. "दावा मागे घेतल्यावर हितसंबंध उरत नाही. नियम बावीस."

"आणि इतिवृत्तात लिहा," दीनानाथ म्हणाले, "की हे कलम झालं तेव्हा परिशिष्ट न वाचता मी मंजुरी दिली होती."

"हे कशाला लिहायचं?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"झालं होतं म्हणून."

मग फोटो पडद्यावर आले. धैर्यशीलराव म्हणाले, आज एक सोडला तर उद्या किनाऱ्यावरच्या सगळ्या कुलपांमागे दिवे लागतील. एका संचालक बाईंनी विचारलं, हा तापाचा निरोप खरा का? विनिताने तारखा वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशीचा फोटो खरोखरच नव्हता; रचलेले असते तर तोही असता. त्या बाईंनी बाजूने हात वर केला. मत पडलं तीन विरुद्ध दोन. अपील मंजूर, पंधरा दिवसांत फेरतपासणी. कलम होतं तसंच राहिलं. ते बदलायला वेगळा प्रस्ताव लागणार होता.

"तपासणीला घर उघडायला कोणी असेल?" विनिताने विचारलं.

"सीताबाई," दीनानाथ म्हणाले आणि माइक बंद केला.

तुकारामने खुर्ची दीनानाथांकडे वळवली. मग म्हणाला, "तुमच्या घराक दिवो कोण लायता?"

"कोणी नाही."

"चावी कोणाकडे?"

"इथेच आहे. कपाटात."

"हय? कुवेतात?" त्याला हसू आवरेना. "शेजाऱ्याक नाय दिलास?"

"राहून गेलं."

"जूनच्या पयल्या हप्त्यात जातलंय मी, माज्या कौलांक. द्या हय. आतसून वासे बघूचे लागतले, मगे ताडपत्री."

सुचित्राने कपाट उघडलं. चावी बाबांच्या पासबुकाखाली होती, जाडजूड, गंजलेली. तिने ती खुबूसच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून त्याच्या हातात दिली.

लॅपटॉपमधून विनिताचा आवाज आला. "विषय दहा, परिशिष्टासह. सर्वांना मंजूर?"

चार जण मंजूर म्हणाले.

"एक मिनिट," दीनानाथ माइक चालू करून म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले. "परिशिष्ट उघडतोय."