भिंतीआडच्या पेशी

कॅन्सरच्या पेशी शेजारच्या मांसात कशा घुसतात, यावर समता पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. आणि इकडे सोनाळ्यात तिची माय धम्मशीला गालात पांढरा चट्टा घेऊन बसली होती. तंबाखू त्याच गालात धरायची सवय तरुणपणापासूनची. खामगावच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासू म्हणताच ही बाई खुर्चीवरून उठली ती थेट एसटीत जाऊन बसली.

समता तातडीनं गावी आली. माय अंगणात अळी आहे का पाहायला कपाशीची हिरवी बोंडं फोडत होती. बोंडअळी आतच पोसते, वरून कळत नाही.

"माय, तुकडा काऊन नाई काढू देत?"

"तूच त सांगतलं जयंतीच्या दिवशी, विहारात, साऱ्या बायाइसमोर! पेशीइले भिंत असते, भिंतीले भोक पडलं का त्या भायेर सुटतेत. मंग सुरी लावून भोक पाडू काय?"

लेकीनं भाषण ठोकलं आणि मायनं ते इमानेइतबारे पाळलं! तिला स्वतःचाच संताप आला. मग तिनं टोपलीतलं एक बोंड उचललं.

"हे फोडलं म्हनून बोंडअयी सुटून साऱ्या वावरात जाते का व?"

"थे कायले जाईन? फोडल्यावर त समजते, आत हाय का नाई."

"मंग?"

मायनं ते बोंड तिच्या हातातून घेतलं. "म्हंजे भोक अयीच पाडते. डाक्टर निस्तं पाह्यते."

"हाव."

"मंग असं सांगाचं नं व आंधी!" असं करवादून ती लुगडं बदलायला उठली.

तुकडा तपासायला गेला. तोवर समता रोज दवाखान्यात फोन करत राहिली. भिंत फुटल्यावर पुढे काय होतं, ते तिच्याइतकं घरात कुणाला ठाऊक होतं? रिपोर्ट तिनं मायच्या शेजारी, दवाखान्याच्या पायरीवरच वाचला. पेशी बिघडल्या होत्या, पण त्यांच्या थराखालच्या पातळ पडद्याच्या, म्हणजेच त्या भिंतीच्या, आतच होत्या. तंबाखू सोडायची, चट्टा काढून टाकायचा आणि तपासणीला येत राहायचं, एवढंच.

तिला रडू कोसळलं.

"काऊन रडून राह्यली? गेल्या का भायेर?" माय घाबरली.

"नाई गेल्या, माय! एकबी नाई गेली!"

धम्मशीलेनं मोठा श्वास सोडला, लेकीचे डोळे पदरानं पुसले. मग काहीतरी आठवून गंभीर झाली.

"आता तू पुन्याले जाय. थे भिंत कायनं फुटते थे नीट पाह्य. कोनाच्या तरी मायची फुटली असन."